डिंकाने बंद केलेलं पान

वैशाख आला की मी चिडचिडा होतो, असं आमच्या घरात सगळे धरूनच चालतात. शैला, म्हणजे आमची सौ., आल्यागेल्याला सांगते, "ह्यांना उन्हाळा बाधतो." बाधतो, कबूल. पण तो उन्हाचा दोष नाही. मे महिन्यात दुपारी मीरा रोडला खाडीकडून एक खारट वारा सुटतो. आता मध्ये इतक्या इमारती उभ्या राहिल्यात की तो वाट शोधत शोधत येतो, पण येतो खरा. ओठांवरून जीभ फिरवली की मीठ लागतं. ते लागलं की मी सरळ एक्क्याण्णव सालात जाऊन पडतो, चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, जिथे पलंगाची पायथ्याकडची बाजू विटांवर चढवलेली होती.

यंदा तर बोलायलाच नको. आमच्या मुलीला, केतकीला, आठवा लागलाय. राहते जवळच, बेव्हर्ली पार्कला. दर रविवारी ती आणि आमचा जावई गरोदर बायकांच्या क्लासला जातात. जोडीने! तो गादीवर तिच्या मागे बसून तिची पाठ चोळतो, दोघं मिळून श्वास घेतात, वर फोटोही काढतात. मागच्या रविवारी तिथून परस्पर आमच्याकडे जेवायला आली आणि पानावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, तुझी ती वही कुठाय? आमच्या मॅडमना दाखवायचीय. मी सांगितलं, माझे बाबा तेव्हा एकटेच क्लासला जायचे, तर कोणाचा विश्वासच बसेना."

वही कुठाय हे मला पक्कं माहीत होतं. कपाटात, सगळ्यात खाली, माझ्या निवृत्तीच्या कागदांखाली.

हो, मी एकटाच जायचो. त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही, दुसरं कोणी नव्हतंच.

परळच्या चाळीतून आम्ही मीरा रोडला आलो त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. चाळीत कोणी शिंकलं तरी तीन दारं उघडायची. इथे आमचा स्वतःचा ब्लॉक होता, दोन बाजूंनी उजेड होता, आणि नळाला पाणी नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. शैलाचं माहेर संगमेश्वराकडे. सातव्यात ओटी भरून सासूबाई तिला घेऊन जाणार होत्या. त्याआधीच सासरे अर्धांगवायूने आडवे झाले आणि सासूबाई त्यांच्या उशापासून हलू शकेनात. इकडे डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली आणि म्हणाल्या, "वार खाली आहे." बाळ जिच्यातून पोसलं जातं ती वार वर असायची, ती थेट गर्भाशयाच्या तोंडाशीच येऊन बसली होती. गावाला जायचं नाही, जिना उतरायचा नाही, बाथरूमपुरतं उठायचं, एवढंच. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली. म्हणजे उरलो कोण? मी. आवक-जावक शाखेतला कारकून. मला बाळंतपणातलं काय कळतंय, डोंबल!

केबिन रोडला एका सूतिकागृहाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता वर्ग भरायचा. शैला दोनच शनिवार गेली आणि पलंगाला खिळली. शाळेत कधी एक दिवस न बुडवलेली बाई ती. "माझं सगळं राहणार आता," म्हणून रडायला लागली. ती रडायला लागली की मला काही सुचत नाही, आजही नाही. मी बोलून गेलो, "तुझ्या जागी मी जातो की."

फिलोमिना सिस्टर वर्ग घ्यायच्या. निवृत्त नर्स, मूळच्या उत्तनच्या, चष्मा गळ्यात साखळीला. मी दारात उभा राहिलो तर म्हणाल्या, "ओ मिस्टर, बायको कुठाय?"

"घरी. झोपून असते."

"मग तुमी कशाला आले?"

"लिहून घ्यायला."

दहा-बारा बायका पोटं धरून हसल्या, आणि त्या अवस्थेत पोट धरून हसणं हे बघायला नको ते दृश्य होतं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल कोपऱ्यात ओढलं. "इथे बसा. तोंड भिंतीकडे, कान इकडे." अशा रीतीने मी प्रसूतिपूर्व वर्गाचा विद्यार्थी झालो. भिंतीवरच्या ओलीचा नकाशा मला अजून काढून दाखवता येईल.

त्या बायकांत सुगंधा होती. वरसाव्याच्या पुलाजवळची, घरची मासळीवाली. तिची ही तिसरी खेप. दुसरं मूल घरच्या बाळंतपणात गेलं होतं, म्हणून ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला दम देऊन वर्गात पाठवलेलं. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पाठीला विचारलं, "काय भाऊ, तुमाला कितवा?"

"सातवा," मी भिंतीला सांगितलं. पुन्हा हसू उसळलं. पण त्यानंतर मी त्यांच्यातलाच झालो. सिस्टर उशिरा आल्या तर बायका मला पायाला गोळे आल्याचं, छातीत जळजळल्याचं सांगायच्या. मी काय करणार? मी लिहून घ्यायचो.

एका शनिवारी सिस्टरनी प्रत्येकीला नारळ आणायला सांगितला. मी आपला चांगला शेंडीवाला निवडून घेतला, सोबत सुपारी, हळदकुंकवाची पुडी, फुलं. मला वाटलं, काही ओटीचा वगैरे प्रकार असणार. तिथे बघतो तर टब मांडलेले! बाळाला अंघोळ घालायची तालीम होती, आणि नारळ म्हणजे बाळ. सिस्टरनी माझ्या हळदकुंकवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "शेंडी म्हणजे मान. मान सोडायची नाय." सुगंधाने तर फुलं उचलून नारळाच्या शेंडीतच खोवली. मी तो नारळ घरी आणून शैलासमोर परातीत पुन्हा न्हाऊ घातला. ती आडवी पडल्या पडल्या इतकी हसली की मीच घाबरलो, म्हटलं, हसणं चालतं की नाही ते विचारायचंच राहिलं.

वही मात्र मी नीट ठेवली होती. मला दुसरी भाषाच येत नव्हती, त्यामुळे लिहिलंय सगळं कार्यालयीन. "विषय : वेणांच्या वेळचा श्वास. (१) कळ येताच नाकाने श्वास आत घ्यावा. (२) कळ ओसरेपर्यंत तोंडाने थोडा थोडा सोडावा. (३) पतीने मध्ये बोलू नये." शनिवारी संध्याकाळी मी हे वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून श्वास घ्यायचो. तिचा छान जमायचा. मला चक्कर यायची.

पलंगाखालच्या विटा समोरच्या बांधकामावरून आणलेल्या, दोन-दोन. डोकं खाली, पाय वर. दोन महिने शैलाने छत पाहिलं. आमच्या शेजारच्या जिग्नाबेनना ते बघवेना. एक दिवस त्या स्वतःच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून घेऊन आल्या आणि कपाटावर असा तिरका लावून दिला की पडल्या पडल्या तिला खिडकीबाहेरचं दिसावं. खिडकीबाहेर तेव्हा मिठागरं होती. मीठ काढायचे दिवस. पाण्याचे चौकोन, त्यातून फळी ओढत चालणारी माणसं, आणि कडेला पांढरे ढीग, दर दिवसाला एखादा वाढलेला. शैला ते मोजायची. मी ऑफिसातून आलो की आधी सांगायची, "आज एकोणीस." पावसाच्या आत त्यांना सगळं मीठ काढून झाकायचं होतं. आम्हाला जूनअखेरपर्यंत काहीही होऊ द्यायचं नव्हतं. त्यांच्या हातात फळी तरी होती. आम्ही नुसते थांबलो होतो.

वर्गातल्या बायकांनी आपसांत आठवड्याचे वार वाटून घेतले होते. सोमवारी कोणी डबा आणायची, कोणी शुक्रवारी केस विंचरून द्यायची. ज्यांना स्वतःला उठता-बसता येत नव्हतं त्या चार मजले चढून यायच्या! बुधवार सुगंधाचा. म्हणून दार मी नुसतं लोटून जायचो.

आता त्या पानाचं सांगतो.

मे महिन्यातला पहिलाच शनिवार असेल. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आज हसायचं नाय. आज लिहायचं." मग धोक्याच्या खुणा सांगितल्या. तोंडावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाचं हलणं कमी होणं, आणि सगळ्यात आधी रक्त. मी भिंतीकडे तोंड करून सगळं लिहिलं, क्रमांक घालून. लिहून झाल्यावर सिस्टर माझ्या स्टुलाशी आल्या. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तुमच्या बायकोला हे सगळ्यात पयलं सांगा. वार खाली हाय तिची. आई पन जाते, बाळ पन जातं."

मी हो म्हटलं. घरी आलो. शैलाने नेहमीसारखं विचारलं, "आज काय शिकवलं?" मी म्हटलं, "मालीश. उताणं कसं, पालथं कसं." आणि सोमवारी वही ऑफिसात नेली. आमच्या टेबलावर ब्रशवाली डिंकाची बाटली असायची. ती दोन पानं मी समोरासमोर चिकटवून टाकली, वर पेपरवेट ठेवला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत सुकू दिली.

का? मला वाटलं, ती आधीच पाय वर करून पडलेली, तिच्या डोक्यात आणखी कशाला भरा? निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे ते मलाच मोठ्याने वाचवत नव्हतं. जिना चढताना मी एकदा प्रयत्न करून पाहिला. पहिल्याच ओळीला आवाज फुटेना.

मग महिन्याच्या शेवटी तो बुधवार आला. अर्धी इमारत सुट्टीत गावाला गेलेली, जिग्नाबेन सुरतेला. मी डबा घेऊन निघालो तेव्हा शैला आरशात बघत होती. म्हणाली, "आज जायलाच हवं का?" मी म्हटलं, "रजा उरलीय कुठे? बाळंतपणाला लागेल ती." ती म्हणाली, "बरं." एवढंच. चपला घालताना मी मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सुगंधाने सांगितलेलं आहे. अकराच्या सुमाराला ती टोपलीत निवट्या, ती खाडीतली मासळी, घेऊन आली, आठ महिन्यांचं पोट घेऊन चार मजले चढून. दार लोटलं तर चादर भिजलेली. शैला जागी होती, पण तोंड पांढरं. सुगंधा टोपली तिथेच टाकून उलट्या पावली खाली उतरली. रिक्षा नाही, माणूस नाही, फोन वाण्याच्या दुकानात आणि दुकान बंद. इमारतीखाली फक्त पाण्याचा टँकर. तो निघाला होता, ही बया त्याच्यापुढे आडवी उभी राहिली. "आदी बाई ने, मंग पानी!" समोरच्या बांधकामावरच्या चौघांनी शैलाला आमच्या जेवणाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं आणि टँकरच्या केबिनमध्ये चढवलं. सुगंधा शेजारी बसली, तिचं डोकं मांडीवर घेऊन. मागे अर्धा टँकर पाणी डुचमळत केबिन रोडपर्यंत गेलं.

ऑफिसात निरोप पोचला आणि मी तिथे पोचलो तोवर तीन वाजून गेले होते. ऑपरेशन चालू होतं. दारावर लाल दिवा. बाकावर सुगंधा, साडीवर रक्त सुकलेलं. तिने मला बसवलं नाही की धीर दिला नाही. ती चिडली होती. "भाऊ, तुमी तर व्हतात वर्गान. सगलं लिवलंत. बायकोला सांगलं न्हाय काय? ती तशीच पडून व्हती ना!"

मी म्हटलं, "सांगितलं होतं."

आयुष्यात खोटं फारसं बोललो नाही मी. हे बोललो. आणि मग त्या बाकावर मला काही करता येईना. दोन महिने शिकून मी काय शिकलो होतो? श्वास. शैलाला तर भूल दिलेली, तिला तो लागणारच नव्हता. मी एकटाच नाकाने आत घेत होतो, तोंडाने सोडत होतो. सुगंधाने माझ्याकडे पाहिलं, तिचा राग थोडा उतरला, आणि तीही माझ्याबरोबर श्वास घ्यायला लागली.

केतकी झाली ती माझ्या नारळाहून जेमतेम मोठी. काचेच्या पेटीत, नाकात नळी. शैलाला रक्ताच्या चार बाटल्या चढवल्या, त्यांतल्या दोन फिलोमिना सिस्टरनी चर्चमध्ये फिरून माणसं गोळा केली म्हणून मिळाल्या. तीन दिवस डॉक्टरीणबाई "बघू या" एवढंच म्हणत होत्या. मी एका काचेशी जायचो, मग दुसऱ्या दाराशी जायचो. कुठेच आत घेत नव्हते. शेंडी म्हणजे मान, मान सोडायची नाही, हे मला पाठ होतं, आणि हात लावायला मला कोणी देत नव्हतं. चौथ्या दिवशी शैलाने चहा मागितला तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो. तीन आठवड्यांनी सुगंधाला मुलगा झाला. मी पेढे घेऊन गेलो, पण तिच्या डोळ्यांत बघून बोललो नाही. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिला खरं सांगायचं राहिलंच.

तर त्या रविवारी मी उठेना म्हणून केतकीने स्वतःच कपाट उघडलं. वही काढली, हसत हसत वाचू लागली. "पतीने मध्ये बोलू नये" ह्याला जावयाने टाळी दिली. मग ती थांबली. "बाबा, ही दोन पानं चिकटलीयत." सुरी आणून तिने कड सोडवली. आत कसर लागलेली. डिंकाच्या वासाने आली असणार. अक्षरं खाऊन नुसती जाळी उरली होती.

"काय होतं ह्यात?"

आठव्या महिन्यातली पोर समोर बसलेली. मला पुन्हा तेच करता आलं असतं. मालीश, म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ओठांवर मीठ लागत होतं. मी सगळं सांगितलं. डिंकाचं सांगितलं, सुगंधाशी खोटं बोललो ते सांगितलं. "तुझ्या आईला कळलंच नाही ते कशाचं रक्त आहे. तिला कळलं असतं तर सकाळीच..."

शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात भाताचं भांडं. म्हणाली, "माहीत होतं की मला."

आम्ही तिघं तिच्याकडे वळलो.

"तुम्ही फक्त कडेला डिंक लावला होतात. वरून पाकिटासारखं उघडं होतं. दिवसभर मला काम काय होतं? फुगवून, डोकावून सगळं वाचलं मी. किती वेळा वाचलं. सकाळी तुम्ही डबा भरत होतात तेव्हाच एक डाग दिसला होता."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "अगं, मी घरात होतो!"

"तुम्ही पान चिकटवलं होतंत," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटलं, ह्यांना हे ऐकवणार नाही. तरी विचारलं ना मी, आज जायलाच हवं का म्हणून."

इतकी वर्षं मी समजत होतो, ती बिचारी काही न कळता पडून होती. सगळं कळून पडली होती ती. आरशात मिठाचे ढीग बघत. माझ्या भीतीला धक्का लागू नये म्हणून. मला तिच्याकडे बघवेना, आणि माफी कुठल्या तोंडाने मागायची तेही कळेना.

केतकीने डोळे पुसले. वहीतलं शेवटचं कोरं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि खिशाला लावलेलं माझंच पेन काढून माझ्या हातात दिलं. "लिही, बाबा. मला हवंय ते."

"मला आता कुठे आठवतंय?" मी म्हटलं.

शैलाने भाताचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्या शेजारी बसून सांगायला लागली. माझीच वाक्यं, माझ्याच कार्यालयीन भाषेत, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"विषय : धोक्याच्या खुणा. एक, रक्त दिसणे. थेंबभर असले तरी. दुखत नसले तरी."

मी लिहीत होतो. अक्षर वाकडं येत होतं. दोन झालं, तीन झालं, चार झालं. वहीत खुणा चारच होत्या.

"पाच," ती म्हणाली. "वरीलपैकी एकही खूण दिसल्यास, वाट न पाहता, घरात जो कोणी असेल त्याला तत्काळ सांगावे."

मग ती थांबली.

"लिहिलंत?"

"लिहितोय," मी म्हटलं.